स्थलांतरित मजुरांसाठी आवाहन: डाळ, तेल आणि महिन्यातले दोन तास

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर शहरात जागोजागी खिचडी आणि किराणा वाटला गेला. पुढे कामे सुरू झाली, वाटप थांबले. पण नाक्यावर उभे राहणाऱ्या, बांधकामावर किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबांची ओढाताण संपलेली नाही. वाण्याची उधारी, मुकादमाची उचल आणि गावाकडचे कर्ज फेडताना पहिली काटछाट होते ती डाळीत, तेलात आणि मुलांच्या दुधात. भात-मिठावर दिवस निघतो, म्हणून बाहेरून ही उपासमार दिसत नाही.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे बिहार किंवा ओडिशाचे कार्डही आपल्याकडच्या रेशन दुकानात चालते. सोबत कार्ड नसले तरी कार्डाचा किंवा आधारचा नंबर पुरतो. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्यातल्या सर्वसाधारण लाभार्थी कुटुंबाला, माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरीही अनेक जण दुकानातून रिकाम्या हाती परततात. त्याची कारणे ठरलेली असतात. गावाकडच्या माणसांनी सगळा कोटा आधीच उचललेला असतो. त्यांना फोन करून ज्याने त्याने आपापला वाटा उचलावा असे ठरवावे लागते. सिमेंटने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे ई-पॉस मशीन अंगठा घेत नाही. अशा वेळी हात साबणाने धुऊन, कोरडे करून बाकीची बोटे लावून पाहावीत, नाहीतर डोळ्यांचे स्कॅन किंवा ओटीपीची सोय आहे का ते विचारावे. काहींचे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणे, राहिलेले असते. ते करायला गावी जाण्याची गरज नाही, इथल्या दुकानातही होते. ‘बाहेरच्यांचा कोटा आला नाही’ असे उत्तर मिळाले, तर १४४४५ या हेल्पलाइनवर तिथूनच फोन लावावा. हे सगळे एकट्या मजुराला जमत नाही, कारण दुकानात दुसऱ्यांदा जायचे म्हणजे आणखी एक खाडा.

म्हणून पहिली मागणी पैशांची नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रेशन दुकानापाशी दोन तास थांबणारे स्वयंसेवक आमच्या समितीला हवे आहेत. हिंदी बोलता यावे आणि जवळ स्मार्टफोन असावा, एवढेच पुरे. एकदा मशीनवर धान्य निघाले की ते कुटुंब पुढच्या महिन्यापासून बहुधा स्वतःच घेऊन येते. वाटपाच्या दहा पिशव्यांपेक्षा आम्ही या कामाला जास्त मोल देतो.

मात्र ५ किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम धान्य. दिवसभर घमेली उचलणाऱ्याचे तेवढ्यावर भागत नाही, शिवाय त्यात डाळ-तेल नसते. चार माणसांच्या कुटुंबाला महिनाभरासाठी आम्ही देतो ते असे: तूर आणि मसूर मिळून ४ किलो डाळ, २ लिटर तेल, १ किलो शेंगदाणे, १ किलो मीठ, हळद आणि तिखट. ही डाळसुद्धा माणशी दिवसाला ३३ ग्रॅमच पडते, म्हणून ती कमी करून पिशवीत बिस्किटे भरू नयेत. ज्यांचे कुठेच कार्ड नाही, त्यांच्या पिशवीत २० किलो तांदूळ वाढवतो. गहू दळायला वेगळे पैसे लागतात आणि पीठ पावसाळ्यात लवकर किडते, म्हणून दोन्ही देऊ नका. उत्तरेकडच्या कुटुंबांना जमल्यास मोहरीचे तेल द्या. न आवडणारे तेल विकले जाते.

इंधनाचा विचार सहसा कोणी करत नाही. धान्य मिळते, पण शिजवायला गॅस नसतो. ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, फक्त ओळखपत्रावर मिळतो. पहिल्या वेळचा खर्च मात्र मजुराला झेपत नाही. एक सिलिंडर आणि शेगडी एखाद्या देणगीदाराने उचलली, तर एका खोलीतल्या सहा-सात जणांची चूल पेटते.

जुने कपडे, फोडलेली पाकिटे आणि शिजवलेले अन्न आम्ही घेत नाही. वाटप करताना कुणाचाही फोटो काढला जात नाही, देणगीदारांनीही तो मागू नये. सामान बंद पाकिटांत, मुदत किमान तीन महिने शिल्लक असलेले, दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत समितीच्या केंद्रावर आणून द्यावे. रोख देणगीची पावती लगेच मिळेल. स्वयंसेवकांनी नाव नोंदवताना आपल्याला सोयीची वेळ आणि घराजवळचे रेशन दुकान कोणते, तेही लिहावे.