सही कापलेल्या चित्राविषयी

सांगली,
रविवार सकाळ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा ‘रात्री करतो’ म्हणालो होतो, ती रात्र अद्याप झालेली नाही. माझी साखर आटोक्यात आहे, हिचा गुडघा तसाच आहे. आता मुद्द्यावर येतो, कारण तो ऐकून तू चिडणार आहेस आणि ते लवकर उरकलेले बरे.

मागच्या महिन्यात मुक्ता जेवताना मोबाईलकडे बघून एकटीच हसत होती. मी डोकावलो, तर ‘डायनासोर कॉमिक्स’. रायन नॉर्थ नावाचा कॅनडातला लेखक २००३ पासून ही जालावरची व्यंगचित्रमालिका चालवतो आहे आणि तेव्हापासून तिच्यातली चित्रे बदललेलीच नाहीत. त्याच सहा चौकटी, तोच टी-रेक्स, त्याच्या पायाखाली येऊ घातलेले तेच इवलेसे घर, आणि चौथ्या चौकटीत येऊन त्याचे म्हणणे खोडून काढणारा तोच युटारॅप्टर. बदलतात ते फक्त शब्द. माझा घास हातातच राहिला. मुक्ताला वाटले, बाबांना विनोद कळला नाही. हेच १९९३ साली भित्तिपत्रकावर केले म्हणून तू दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलला नव्हतास, हे तिला कसे सांगणार?

वरण वाढणाऱ्या अण्णांचा डाव काढलेले तुझे चित्र, त्यातल्या तुझ्या शब्दांवर माझा व्हाईटनर, त्याजागी माझे शब्द, आणि झेरॉक्स. बाकी तुला आठवत असेलच. एका झेरॉक्सचे पैसे अजून तुझ्याकडे निघतात, हेही आठवत असावे.

त्या रात्री मी विजयी मुद्रेने माळ्यावरची फाईल काढली. तुझे मूळ चित्र सापडले: डाव उगारलेले अण्णा, ताट पुढे केलेला सडपातळ मी (तेव्हा होतो), आणि ज्यात तळ दिसतो ते वरणाचे पातेले. मोबाईलने फोटो काढला, फुग्यांतले शब्द पुसले आणि आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर चार नवे संवाद लिहिले. अण्णा झाले टँकरवाले. घरच्या ग्रुपवर टाकले, सगळे हसले, मीही आपल्याच विनोदावर दोनदा हसलो. चौथ्या दिवशी तेच चित्र सोसायटीच्या ग्रुपवर परत आले. शेवटचा संवाद कोणीतरी बदलला होता आणि उजव्या कोपऱ्यात गुलाबाचे फूल होते, त्याखाली ‘शुभ सकाळ’. ते फूल बरोबर तुझ्या सहीच्या जागी बसले होते. सही मात्र त्यांनी उडवलेली नाही, ती मीच कापली होती. फोटोत माझा अंगठा आला होता, तो कापताना सहीही गेली, आणि पाठवताना तुझे नाव लिहावे हे मला सुचलेच नाही.

तेव्हापासून ही टोचणी लागली आहे. स्वतःच्या बचावासाठी मी रात्र रात्र ही जालावरची व्यंगचित्रे वाचत बसलो आणि पुरावे गोळा केले. ‘गारफील्ड’ या व्यंगचित्रमालिकेतले मांजर पुसून टाकणारा डॅन वॉल्श तुला ठाऊक नसेल. मांजर गेल्यावर उरतो तो त्याचा मालक जॉन, रिकाम्या भिंतीशी एकटाच बोलणारा, आणि तो मुळापेक्षा अधिक हसवतो व अधिक रडवतोही. जिम डेव्हिस हे मूळ चित्रकार रागावले नाहीत, उलट २००८ साली त्या पुसलेल्या चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्यात मूळ चित्र व पुसलेले चित्र शेजारी शेजारी छापले. हा पुरावा मी मोठ्या उत्साहाने तुला पाठवणार होतो, तेवढ्यात ध्यानात आले की वॉल्शने डेव्हिसचे नाव कुठेच लपवले नव्हते. म्हणजे पुरावा माझ्यावरच उलटला.

मग ‘वंडरमार्क’ पाहिले, तिथे डेव्हिड मल्की एकोणिसाव्या शतकातली कोरीव चित्रे घेऊन त्यांच्या तोंडी आजचे बोलणे घालतो. आरती पार्थसारथी यांनी ‘रॉयल एक्झिस्टेन्शियल्स’मध्ये जुनी लघुचित्रे घेऊन तेच केले, जरीच्या लोडाला टेकलेले राजेराण्या आपल्या आयुष्याची कटकट सांगत बसतात. पण त्या चित्रांचे धनी केव्हाच वारले आहेत. तू नागपुरात धडधाकट आहेस.

तुझ्या, म्हणजे चित्राच्या, बाजूनेही सांगतो, नाहीतर म्हणशील, वकिली करतो. ‘एक्सकेसीडी’ या जालावरच्या मालिकेतली काड्यांची माणसे बघून तू नाक मुरडशील, मीही प्रथम मुरडले होते. पण ती काढणाऱ्या रँडल मन्रोनेच २०१३ साली ‘टाइम’ नावाचे एक चित्र लावले, जे आधी अर्ध्या तासाने आणि पुढे तासाने बदलत राहिले. दोन काड्यांची माणसे समुद्राकाठी वाळूचा किल्ला बांधतात आणि पाणी वाढत जाते. चार महिन्यांत ३०९९ चित्रे झाली. तिथे शब्द काढले तरी समुद्र उरतो. हे मी कबूल करतो, आणि बत्तीस वर्षांत प्रथमच करतो, तेव्हा पत्र जपून ठेव. त्याच्या नेहमीच्या चित्रांवर माऊसचा बाण नेला की आणखी एक ओळ उमटते, बहुतेकदा तीच सर्वांत गमतीची. आपण चित्र फॉरवर्ड करतो तेव्हा ती ओळ मागेच राहते. सही काय, विनोदसुद्धा कापला जातो.

‘चिंटू’वरून आपण किती भांडलो! चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी दोन नावे त्याखाली असत, आणि ‘सकाळ’मधले तेच कात्रण तू चित्राच्या बाजूने दाखवायचास व मी शब्दांच्या. दोन नावे आहेत, एवढे मात्र आपल्यापैकी कोणीच वाचले नाही.

अरे हो, तुझ्याच नागपूरच्या रोहन चक्रवर्तींचे ‘ग्रीन ह्यूमर’ बघतोस ना? दंतवैद्यकी शिकून हा माणूस वाघ, बेडूक आणि घुबडे काढतो, आणि कुठला बेडूक ते चित्रावरून सांगता येते. तू इंजिनिअरिंग शिकून काहीच काढत नाहीस. वहिनींच्या बदलीचे काय झाले? निखिलला पुण्यात खोली मिळाली का? नसेल तर माझ्या मेहुण्याला विचारतो, कळव.

सोबत तुझे मूळ चित्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. व्हाईटनर वाळून पोपडे धरले आहेत, खरवडू नकोस, खाली तुझे जुने शब्द आहेत आणि ते माझ्यापेक्षा वाईट होते. एक कोरी झेरॉक्सही ठेवली आहे, फुगे रिकामे आहेत. या खेपेस तू लिही. सोसायटीच्या ग्रुपवर मूळ चित्र तुझ्या नावासह टाकले. त्यावर दोन अंगठे आले आणि तिसऱ्या गृहस्थांनी टँकर किती वाजता येणार, असे विचारले.

तुझा,
अविनाश

ता. क. झेरॉक्सचे पैसे सोडले.