मसाई पठारावरून उतरणारी आमची वाट मोकळी करायला या

पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकला येणारी मंडळी दर पावसाळ्यात मसाई पठार ओलांडतात. त्या पठारावरून आमच्या वाडीत उतरणारी जुनी पायवाट मात्र काही वर्षं बुजून गेली आहे. दुधाच्या किटल्या, मसाईदेवीला निघालेल्या म्हाताऱ्या, शाळेची पोरं, सगळे याच वाटेनं ये-जा करायचे. पुढं डांबरी रस्ता झाला, वर्दळ थांबली आणि घाणेरी-रानमोडी माजली. मागच्या आषाढात धुक्यात चुकलेल्या एका मुलीचा पाय इथल्या ओघळीत मुरगळला. घोंगडीची डोली करून तिला खाली आणलं. वाट मोकळी करायचं आम्ही त्याच रात्री ठरवलं.

गावनकाशाची प्रत काढली. त्यात ही वाट तुटक एकेरी रेषेनं दाखवली आहे, म्हणजे सव्वाआठ फुटांचा हक्काचा पायमार्ग. खालच्या टप्प्यात मध्येच काटेरी तारेचं कुंपण आहे. जनावरं पिकात शिरायची म्हणून ते घातलं होतं, त्या शेतकऱ्यावर आमचा राग नाही. नकाशा घेऊन त्यांच्या सोप्यात बसलो, चहा झाला. ‘कवाडी बसवून द्या, माणसं खुशाल जाऊ देत,’ म्हणाले. ती कवाडी आता आपण करून द्यायची.

तीन रविवार काम झालं. दुसऱ्या रविवारी घाणेरीचं एक जाळं मुळासकट उपटलं, तर खाली जांभ्याच्या पायऱ्या लागल्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कडेला हिरवं शेवाळ. आमच्यातल्या एका आजोबांनी कोयता बाजूला ठेवला आणि पायरीवरून नुसता हात फिरवत बसले.

या पायऱ्यांवर सिमेंट ओतायचं नाही, हे आमचं पक्कं आहे. निखळलेले चिरे पुन्हा बसवायचे आणि उतारावर जागोजागी तिरके चर काढायचे. पाणी बाजूला काढलं नाही तर एका पावसाळ्यात वाटेचा ओढा होतो, चिरे उखडतात. वनखात्याच्या हद्दीतल्या तुकड्याला परवानगी मिळाल्याशिवाय हात लावणार नाही. मोठं झाड एकही तोडणार नाही.

१६६० च्या आषाढात शिवाजी महाराज आणि बांदलांचे मावळे पन्हाळ्यावरून निघून या पठारावरून विशाळगडाकडे गेले. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पन्हाळ्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. आता येणारी माणसं वाढतील. त्यांना सुखरूप उतरायला धड वाट नसावी, याची आम्हाला लाज वाटते.

मृगाच्या आत काम उरकायचं आहे. कोयते, टिकाव, पहारी, पाट्या, जाड हातमोजे लागतील. चिरे बसवायला जाणता गवंडी हवा, त्याची मजुरी आणि टेम्पोचं भाडं यासाठी पैसे लागतील. जमेल तेवढे द्या, पन्नास रुपयेसुद्धा चालतील. पावती मिळेल, आणि जमाखर्च दर रविवारी देवळातल्या फळ्यावर लिहू. पैसे जमणार नसतील तर एक सकाळ द्या. रविवारी सातला देवळापाशी जमतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट आणि पाण्याची बाटली आणा, भाकरी-पिठलं आमच्याकडं.