फोटोतले अकरा आणि टाकीजवळची मावशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्या शाळेतल्या शिक्षकदिनाच्या सत्काराची बातमी फोटोसकट छापलीत, त्याबद्दल आभार. फोटोत 11 जण आहेत, मी मोजले. सत्कारमूर्ती गुरुजी डावीकडून नववे, आणि त्यांच्या तोंडापुढे एका पुढाऱ्याचा हार घालणारा हात. खाली आठ नावं, मग 'आदी मान्यवर'. गुरुजी त्या 'आदी'त गेले. ज्यांच्यासाठी मांडव घातला त्यांचं नाव बातमीत शोधायला माझ्या बायकोला चष्मा घ्यावा लागला.

गुरुजींना त्याचं काही नाही. मुळात त्यांनी आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव करायलाच दोन वर्षं नकार दिला होता. मी आदर्श आहे हे मीच फाइल लावून, झेरॉक्सवर सह्या-शिक्के घेऊन सिद्ध करायचं, ही रीत त्यांना पटत नाही. शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या शाळेतल्या मॅडमनी फाइल तयार करून नुसती सही मागितली.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. प्रमुख पाहुणे तासभर बोलले. सातारा जिल्हा म्हटल्यावर भाषणात कर्मवीर अण्णा, म्हणजे रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील, येणारच, ते आले. मग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आल्या. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी या माउलीनं दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे सांगताना पाहुण्यांचा आवाज कापरा झाला. टाळ्या पडल्या. आणि त्याच वेळी आमच्या शाळेची खिचडी शिजवणारी मावशी मांडवामागे पाण्याच्या टाकीजवळ उकिडवी बसून मान्यवरांच्या चहाचे कप विसळत होती.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. सत्काराच्या यादीत मावशीचं नाव घ्या, असं बैठकीत दोनदा म्हणालो. उत्तर मिळालं, "त्या शिक्षक नाहीत, कर्मचारी नाहीत, मानधनावर आहेत. कशात बसवायचं?" शाळेला पंखे देणारे बसले, पत्र्याची शेड देणारे बसले, मांडववाल्यालासुद्धा टॉवेल-टोपी झाली. त्यांनी दिलं हे खरंच आहे, पंख्याखाली माझाही पोरगा बसतो. पण मावशीनं काय दिलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, एवढाच फरक.

पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, हा सरकारचा हिशेब. तो तांदूळ सुपात घेऊन ती व्हरांड्यात उजेडाला बसते, सोंडा-खडा निवडते, मगच आधण ठेवते. मागच्या पावसाळ्यात सिलिंडर संपला, आठ दिवस दुसरा आला नाही. तिनं घरचं सरपण डोक्यावर आणून तीन दगडांवर पातेलं चढवलं. माझ्या धाकट्याला तिखट सोसत नाही. चटणी पडायच्या आधी एक पळी ती त्याच्या ताटलीत वेगळी काढते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मलाही पोरानंच सांगितलं, तेही दोन वर्षांनी.

मानधन दीड हजाराचं अडीच हजार झालं तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. अडीच हजार महिन्याला, दिवसाला नव्हे. गैरसमज नको, कारण आपल्या अंकात परवा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचाच खर्च त्याहून जास्त दिसत होता.

कार्यक्रम संपल्यावर सूत्रसंचालकाला आठवण झाली असावी. "मावशी, या या," म्हणून तिला बोलावलं. शाली संपल्या होत्या. पाहुण्यांच्या गुच्छातलं एक गुलाब ओढून तिच्या हातात दिलं. तिचे हात ओले, ते तिनं पदराला पुसले. तोवर आपला फोटोग्राफर कॅमेरा पिशवीत घालून गाडीला किक मारत होता.

तिचं नाव मुद्दाम देत नाही. जूनपासूनचं मानधन अजून यायचं आहे, उगीच कुणाच्या डोळ्यांवर नको. माझंही छापू नका.

आपला,
एक पालक, ता. माण, जि. सातारा

ता.क. आपला अंक आमच्याकडे साडेअकराच्या एस.टी.नं येतो, आणि परवापासून शब्दकोड्याचं पान गायब आहे. एजंटाला विचारलं तर तो म्हणतो, छपाईलाच नव्हतं. शिक्षकदिनाच्या पुरवणीतली क्लासच्या जाहिरातीची चारही पानं मात्र व्यवस्थित पोचली.