महागडा कंट्रोलर घेण्यापूर्वी स्टिकची चौकशी करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या दैनिकात मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि दुचाकी यांच्या खरेदीविषयी तुलनात्मक माहिती छापून येते व ती ग्राहकांच्या उपयोगी पडते. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर (कन्सोलवर) खेळणारी मुले आता राजारामपुरी आणि ताराबाई पार्काइतकीच पेठांतही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात यंदा साधा कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचे उपकरण, बाजूला ठेवून ‘प्रो’ म्हणून विकला जाणारा, हवा तसा जुळवून घेता येणारा कंट्रोलर घ्यायचे असते. मी शिवाजी उद्यमनगर परिसरात इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो, आणि या कंट्रोलरांची तुलना ज्या मुद्द्यावरून व्हायला हवी, नेमका तोच मुद्दा दुकानात कोणी काढत नाही, असे मला दिसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

सोनीचा ड्युअलसेन्स एज जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेत 199.99 डॉलरना बाजारात आला. त्याच कंपनीचा प्लेस्टेशन 5 सोबतचा साधा ड्युअलसेन्स सुरुवातीला सुटा 69.99 डॉलरना मिळत होता. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्ससाठीचा एलिट सीरिज 2 नोव्हेंबर 2019 मध्ये 179.99 डॉलरना आला. आपल्याकडील रुपयांतील भाव सवलतींनुसार बदलत असल्यामुळे मूळ किमती दिल्या आहेत; साध्या कंट्रोलरच्या अडीच-तीनपट पैसे मोजावे लागतात, एवढे त्यावरून कळते. या जादा पैशांत मागील बाजूची बटणे (त्यांना पॅडलही म्हणतात), स्टिकच्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांड्यांच्या, बदलता येणाऱ्या टोप्या, ट्रिगर (तर्जनीखालचे बटण) किती दाबला जावा हे ठरवणारा खटका आणि निरनिराळ्या खेळांसाठी साठवून ठेवता येणारी मांडणी मिळते. या सोयी खऱ्याच आहेत. परंतु कंट्रोलर निकामी होतो तो यांच्यापैकी कशामुळेही क्वचितच. तो होतो स्टिकमुळे.

बहुसंख्य कंट्रोलरांत अंगठ्याखालच्या प्रत्येक स्टिकला दोन छोटे पोटेन्शिओमीटर जोडलेले असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. त्यांत कार्बनच्या पातळ थरावर धातूची पट्टी घासत फिरते आणि बदलत्या व्होल्टेजवरून स्टिक कोठे आहे हे यंत्राला समजते. घर्षण आले म्हणजे झीज आली. मधल्या जागेवरचा थर झिजला किंवा तेथे धूळ जमली की स्टिकला हातही न लावता पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला सरकू लागतो, आणि मुले ‘ड्रिफ्ट आला’ म्हणत दुकानात येतात. खेळाच्या सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिकची जेवढी हालचाल यंत्र दुर्लक्षित करते तो मधला भाग) वाढवून हा दोष काही काळ झाकता येतो. मात्र त्यामुळे स्टिकची बारीक हालचाल हरवते, म्हणजे ज्या अचूकतेसाठी महागडा कंट्रोलर घेतला तीच जाते. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, एलिट सीरिज 2 आणि ड्युअलसेन्स एज या दोन्ही नामांकित कंट्रोलरांत याच जातीचे, घासून झिजणारे पोटेन्शिओमीटर आहेत. किंमत तिप्पट झाली म्हणून स्टिकचे आयुष्य तिप्पट होत नाही.

याला पर्याय हॉल इफेक्टच्या स्टिकचा आहे. चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतवाहकात निर्माण होणारा हा परिणाम एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधला. या स्टिकमध्ये चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याला स्पर्श न करता स्थान ओळखतो, त्यामुळे मोजणाऱ्या भागाची झीज होत नाही. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या जुन्या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हे तंत्र 1998 सालीच होते, हे आज वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. रेझरने 2024 मध्ये आणलेल्या एक्सबॉक्ससाठीच्या वुल्व्हरिन व्ही 3 प्रोमध्ये हॉल इफेक्टच्या स्टिक आहेत. स्प्रिंग मात्र यातही सैल पडू शकते, तेव्हा ‘आयुष्यभर ड्रिफ्ट नाही’ ही विक्रेत्याची हमी जरा बेतानेच घ्यावी.

मग पोटेन्शिओमीटरच घ्यायचा असेल, तर तो बदलायची सोय कोणी केली आहे, हा पुढचा प्रश्न. येथे माझे मत एजच्या बाजूने झुकते. त्याचे स्टिकचे मॉड्यूल वरचे झाकण उघडून, खटका सोडवून, सोल्डरिंगशिवाय घरच्या घरी काढता येते आणि नवे मॉड्यूल बाजारात आले तेव्हा 19.99 डॉलरना मिळत होते. एलिटमध्ये स्टिकचा ताण लहानशा चावीने कमी-जास्त करता येतो, टोप्या चुंबकाने बसतात, आणि हातात धरल्यावर तो मला अधिक दमदार वाटतो. परंतु स्टिक बदलायची झाली की अख्खा कंट्रोलर खोलावा लागतो आणि डझनाहून अधिक टाके सोल्डर काढून मोकळे करावे लागतात. हे काम आपल्या उद्यमनगरात होते, पण घाईने केले तर सर्किटच्या पाटीवरचे तांबे उखडते आणि मग दुरुस्तीला वाव राहत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2020 मध्ये एलिट सीरिज 2 ची हमी 90 दिवसांवरून 1 वर्षावर नेली. एवढ्या महागड्या वस्तूला आधी केवळ 90 दिवसांची हमी होती, हे ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एलिटचीच ‘कोअर’ नावाची स्वस्त आवृत्ती सप्टेंबर 2022 मध्ये 129.99 डॉलरना आली. तिच्या खोक्यात मागची पॅडल नाहीत, पेटी नाही आणि चार्जिंगचा डॉकही नाही. ते सारे वेगळे घेतले तर 59.99 डॉलर लागत. दोन्हींची बेरीज पूर्ण एलिटपेक्षा दहा डॉलरनी जास्त होते. ज्याला पॅडल नकोतच त्याच्यासाठी कोअर ठीक आहे, ‘आता स्वस्त घेऊ, बाकीचे नंतर बघू’ म्हणणाऱ्यासाठी नाही.

मागील बटणांचा मुद्दा खेळावर अवलंबून आहे. एलिटला चार पॅडल आहेत, एजला दोन बटणे. नेमबाजीच्या खेळात उजवा अंगठा स्टिकवरून न उचलता उडी मारता येते किंवा बंदूक भरता येते, आणि तेथे हा फरक जाणवतो. परंतु कोल्हापूरचा मुलगा कन्सोलवर बहुतेक वेळ काय खेळतो, तर फुटबॉल. फुटबॉलच्या खेळात पास, शॉट आणि धावणे यांची बटणे बोटांखालीच असतात आणि चार पॅडलपैकी दोन रिकामीच राहतात. शाहू स्टेडियमवर उतरणारा खेळाडू मैदान पाहून बुटांचे स्टड निवडतो, तसा आपला खेळ पाहून कंट्रोलर निवडावा. शिवाय बटणांची अदलाबदल साध्या कंट्रोलरवरही फुकट करता येते: प्लेस्टेशन 5 मध्ये ती सोय अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये आहे आणि एक्सबॉक्समध्ये अ‍ॅक्सेसरीजच्या अ‍ॅपमध्ये. पैसे खर्च करण्यापूर्वी ती वापरून पाहावी.

ही मागची पॅडल इतकी वर्षे महागड्या कंट्रोलरांपुरतीच का राहिली, याचे एक कारण पेटंटमध्ये आहे. ती लोकप्रिय केली स्कफ या कंपनीने, जी डिसेंबर 2019 मध्ये कॉर्सेअरने विकत घेतली. व्हॉल्व कंपनीच्या स्टीम कंट्रोलरच्या मागील बटणांवरून झालेल्या पेटंटच्या खटल्यात अमेरिकेतील ज्यूरीने फेब्रुवारी 2021 मध्ये व्हॉल्वला 40 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली.

सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याखेरीज अन्य कंपन्यांचे कंट्रोलर घेताना काय कमी होते, हेही विचारले पाहिजे. प्लेस्टेशन 5 साठीच्या रेझर वुल्व्हरिन व्ही 2 प्रो आणि व्हिक्ट्रिक्स प्रो बीएफजी या दोन्हींत कंपन नाही, आणि ड्युअलसेन्समधील ट्रिगरचा बदलता विरोधही नाही. स्कफ रिफ्लेक्सच्या एफपीएस (नेमबाजीच्या खेळांसाठीच्या) आवृत्तीतही ही दोन्ही वैशिष्ट्ये काढून ट्रिगर माउसच्या बटणासारखे आखूड केले आहेत. स्पर्धेत खेळणाऱ्याला हे हवेच असते. मोटारींच्या शर्यती खेळणाऱ्याला मात्र असा ट्रिगर निरुपयोगी आहे, कारण अ‍ॅक्सिलरेटर थोडा-थोडा दाबायला ट्रिगरचा पूर्ण प्रवास लागतो. व्हिक्ट्रिक्समध्ये स्टिक आणि बटणांचा संपूर्ण भाग काढून उलटसुलट बसवता येतो आणि मारामारीच्या खेळांसाठी सहा बटणांचा वेगळा भाग मिळतो. जुळवून घेण्याच्या बाबतीत तो मला या सर्वांत कल्पक वाटतो.

बॅटरीबाबत थोडक्यात सांगतो. एलिट सीरिज 2 एका चार्जिंगमध्ये 40 तासांपर्यंत चालतो, असे कंपनी सांगते. एजची बॅटरी 1050 एमएएचची आहे, तर साध्या ड्युअलसेन्सची 1560, म्हणजे महागड्या कंट्रोलरची बॅटरी स्वस्तातल्यापेक्षा लहान आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे एज प्लेस्टेशन 4 वर चालत नाही आणि एलिट प्लेस्टेशनवर मुळीच नाही. घरी कोणते यंत्र आहे हे न सांगता भेटवस्तू आणणाऱ्या मामा-काकांनी हे आधी विचारून घ्यावे.

जुळवून घेता येणारा कंट्रोलर ज्यांची खरी गरज आहे, त्या दिव्यांग खेळाडूंचा उल्लेख दुकानांतील जाहिरातींत दिसत नाही. मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर 2018 मध्ये 99.99 डॉलरना आला आणि सोनीचा अ‍ॅक्सेस डिसेंबर 2023 मध्ये 89.99 डॉलरना, म्हणजे दोन्ही वर सांगितलेल्या ‘प्रो’ कंट्रोलरांपेक्षा स्वस्त. त्यांना साध्या 3.5 मिलिमीटरच्या पिनेने बाहेरचे बटण जोडता येते. पायाने, कोपराने किंवा हनुवटीने दाबता येईल असे बटण आपल्या उद्यमनगरातील कोणताही कुशल कारागीर माफक खर्चात बनवू शकेल, आणि तशी मागणी घेऊन कोणी आले तर मला ते काम करायला आवडेल.

आपल्या दैनिकाने यंदाच्या खरेदीविषयक पुरवणीत कंट्रोलरांनाही जागा द्यावी आणि तुलनेच्या तक्त्यात रंग व बटणांच्या संख्येआधी तीन रकाने ठेवावेत, अशी विनंती आहे: स्टिक कोणत्या जातीची आहे, ती घरी बदलता येते का, आणि हमी किती महिन्यांची असून तिच्यात ड्रिफ्ट धरला जातो का. शहरातील विक्रेत्यांनीही हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि खरेदीची तारीख स्पष्ट द्यावी. परदेशातून मागवून विकलेल्या कंट्रोलरला भारतातील हमी लागू आहे की नाही, हे पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला लेखी सांगावे.

आपला,
एक वाचक व दुरुस्ती कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर