लंडनचा फ्लॅट कंपनीच्या नावावर असेल तर…

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये परदेशी कंपन्यांच्या नावावर असलेल्या घरा-जमिनींची चर्चा आपल्याकडे रशियन धनाढ्य आणि करमुक्त बेटांपलीकडे फारशी जात नाही. पनामा पेपर्स, म्हणजे पनामातल्या एका लॉ फर्ममधून फुटलेली परदेशी कंपन्यांची गुप्त कागदपत्रे, गाजली त्या २०१६ सालीच अशा कंपन्यांमागच्या खऱ्या मालकांची नोंद ठेवण्याची घोषणा झाली होती. कायदा मात्र युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर, १५ मार्च २०२२ रोजी, घाईने मंजूर झाला. पण हा कायदा कंपनी कोणत्या देशाची हे पाहत नाही. ब्रिटनबाहेर स्थापन झालेली कोणतीही कंपनी त्याच्या कक्षेत येते. त्यात जर्सी, दुबई, मॉरिशस आले, तशीच पुण्यात नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेडही आली. कंपनीच्या नावाने तिकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी म्हणून हे पत्र.

अशा कंपनीची आणि तिच्या खऱ्या मालकांची नोंदणी 'कंपनीज हाउस'कडे, म्हणजे ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी १९९९ पासून पुढे घेतलेली फ्रीहोल्ड (जमिनीसह कायम मालकीची) मालमत्ता आणि सात वर्षांहून अधिक मुदतीचे लीज (भाडेपट्टा), दोन्हींना नियम लागू आहे. लंडनचे फ्लॅट बहुतेक लीजहोल्डच असतात. तेव्हा 'आमची जमिनीवर मालकीच नाही' या सबबीचा उपयोग नाही. घर स्वतःच्या वैयक्तिक नावावर असेल, तर मात्र या नोंदणीचा संबंध येत नाही.

सर्वाधिक गोंधळ खरा मालक कोण, यावर होतो. २५ टक्क्यांहून अधिक शेअर किंवा मतदानाचा हक्क, संचालक मंडळातील बहुसंख्य संचालक नेमण्या-काढण्याचा अधिकार, किंवा कारभारावर ठळक प्रभाव, यांपैकी एक गोष्ट असली तरी पुरते. चार भावंडांचे शेअर बरोबर २५-२५ टक्के आहेत असे समजा. मर्यादा '२५ टक्क्यांहून अधिक' अशी असल्याने नुसत्या शेअरवर चौघांपैकी कोणीच खरा मालक ठरत नाही. पण सगळ्यांनी एकाच बाजूने मत द्यायचे असा करार त्यांच्यात असेल, तर चौघेही खरे मालक ठरतात. कागदोपत्री काहीही असो, सगळे निर्णय थोरला भाऊच घेत असेल, तर त्याचे नाव द्यावे लागते. यांतले काहीच लागू नसेल, तर कारभार पाहणाऱ्यांची माहिती द्यायची. रकाना कोरा सोडता येत नाही.

माहितीची पडताळणी ब्रिटनमधल्या मनी लाँडरिंग नियमांखाली देखरेख असलेल्या एजंटकडूनच व्हावी लागते. इथल्या सीएचा दाखला चालत नाही. पडताळणी अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतली हवी. पासपोर्टवरचे नाव आणि कंपनीच्या भागधारक नोंदवहीतले नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक असला, तर काम तिथेच अडते आणि तीन महिने बघता बघता संपतात. ते आधी जुळवून घ्यावे.

ट्रस्ट ही या व्यवस्थेतली मोठी फट होती. ट्रस्टची माहिती सरकारकडे जायची, पण लोकांना दिसत नसे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून ती मागवण्यासाठी कोणालाही अर्ज करता येतो, आणि हा बदल आम्हाला अत्यंत योग्य वाटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा नोंदी सरसकट सर्वांना खुल्या ठेवण्याच्या विरोधात निकाल दिला. तरी ब्रिटनने दार उघडेच ठेवले. यात खासगीपणाचा बळी जातो, हा आक्षेप आम्हाला पटत नाही. खऱ्या मालकाचा जन्मदिवस आणि राहता पत्ता लोकांसमोर येत नाही, फक्त जन्माचा महिना आणि वर्ष दिसते.

'ओई'ने (ओव्हरसीज एन्टिटी, म्हणजे परदेशी संस्था) सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळाला की काम झाले, असे समजून पुष्कळ जण स्वस्थ बसतात आणि इथेच फसतात. दर बारा महिन्यांनी माहिती अद्ययावत केल्याचे निवेदन द्यावे लागते, काहीही बदललेले नसले तरी. नोंदणी २० जानेवारीची असेल, तर वर्ष १९ जानेवारीला पुरे होते आणि पुढच्या १४ दिवसांत, म्हणजे २ फेब्रुवारीपर्यंत, निवेदन गेले पाहिजे. ते चुकवणे हा फौजदारी गुन्हा आहे. शिवाय निवेदन जाईपर्यंत कंपनी नोंदणीकृत धरली जात नाही. मग घर विकायचे, गहाण टाकायचे किंवा सात वर्षांहून अधिक लीजवर द्यायचे ठरले, तर तो व्यवहार लँड रजिस्ट्री, म्हणजे तिथले मालमत्तांची नोंद ठेवणारे सरकारी कार्यालय, नोंदवत नाही. खरेदीदाराचा सॉलिसिटर (वकील) हे आधीच तपासतो, आणि ठरलेला सौदा तिथेच थांबतो. स्मरणपत्र कंपनीने दिलेल्या ईमेलवर येते. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा असेल, तर ते कोणी वाचतच नाही.

घर विकल्यावरही ही जबाबदारी आपोआप संपत नाही. लँड रजिस्ट्रीत खरेदीदाराचे नाव चढल्यानंतर नोंदवहीतून कंपनी काढण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नाव चढायला कधी कधी कित्येक महिने लागतात. दरम्यान वार्षिक तारीख आली, तर तेही निवेदन भरावेच लागते.

आपले नम्र,
परदेशी मालमत्तांचे कायदेविषयक काम पाहणारे काही सल्लागार