पहिली सर्व्हिसिंग, २० किलोमीटर आणि एक काळी चिकटपट्टी

वाई, जि. सातारा
३ मे २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस

विषय: नवीन मोटरसायकलची पहिली मोफत सर्व्हिसिंग नाकारणे, मीटरवरचा सर्व्हिसचा दिवा न घालवता झाकून देणे, आणि त्यानंतरची टोलवाटोलवी

महोदय,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनशी माझं शेवटचं बोलणं झालं. २६ मिनिटं. त्यातली १९ मिनिटं संगीत होतं. फोन कानालाच होता, तेवढ्यात मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ समाधान कोणाचं झालं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे पत्र. शांतपणे लिहायचं असं ठरवून बसलो आहे.

गाडी कोणती, किती सीसीची, हे सांगत बसत नाही. बनवली तुम्हीच आहे. नंबर जॉबकार्डच्या प्रतीवर आहेत.

३० मार्चला, पाडव्याला, साताऱ्याच्या तुमच्या शोरूममधून गाडी घेतली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, फोटो, सगळं झालं. त्या दिवशी तुमची माणसं अतिशय प्रेमळ होती, हे नमूद करतो. मी वाईला राहतो आणि नोकरी साताऱ्यात. जाऊन-येऊन रोज ७० किलोमीटर. गाडी घेताना हे मी तीनदा सांगितलं होतं, कारण ॲव्हरेज किती देईल हे विचारायचं होतं. तेव्हा ते सगळ्यांच्या नीट लक्षात राहिलं.

तुमच्या मोफत सर्व्हिसिंगच्या कूपनवर छापलंय: पहिली सर्व्हिसिंग ५०० ते ७५० किलोमीटर किंवा ३० ते ४५ दिवस, जे आधी होईल ते. ‘जे आधी होईल ते’ हे शब्द माझे नाहीत, तुमचे आहेत. पुढे ते पुन्हा लागणार आहेत.

८ एप्रिलला संध्याकाळी घरी येताना आनेवाडी टोलनाक्याच्या आसपास मीटरवर ५०० झाले आणि पान्याचं चिन्ह पेटलं. मला खरं तर आनंद झाला. गाडी स्वतःहून सांगते आहे! घरी येऊन गाडीचं माहितीपुस्तक काढलं, पान्याचा अर्थ वाचला आणि हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी ३ दाबा म्हणून सांगितलं, ३ दाबलं, हिंदी बोलणाऱ्या बाई आल्या. त्यांची चूक नाही. बाई म्हणाल्या, पहिली सर्व्हिसिंग ३० दिवस झाल्याशिवाय करायची नसते. मी म्हटलं, दिवा लागलाय, ५०० झालेत. त्या म्हणाल्या, पण दिवस नाही झाले. मी कूपनवरची ओळ वाचून दाखवली. त्यांचं उत्तर मी तेव्हाच कूपनच्या मागे लिहून ठेवलं: ‘आधी म्हणजे, सर, ३० दिवस पूर्ण झाल्यानंतर.’

त्यांचं ऐकलं असतं, तर मी साधारण १,७०० किलोमीटरवर पहिलं ऑइल बदललं असतं. नवीन इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसतात, गिअरच्या दात्यांचा कीस निघतो. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात, त्यामुळे हा सगळा गाळ त्याच एका लिटरात फिरत राहतो. पहिलं ऑइल लवकर काढायचं ते यासाठी. हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या हेल्पलाइनला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस सेंटरला फोन केला. ‘पाडव्याच्या गाड्या सगळ्या एकदमच आल्यात, २१ तारीख मिळेल.’ पाडव्याला गाड्या विकल्या की तीन आठवड्यांत त्या पहिल्या सर्व्हिसिंगला येणार, हे कळायला पंचांग लागत नाही. पण ठीक आहे. २१ तर २१. फोनवर विचारलं, तोवर ७५० च्या वर गेले तर? ‘काही नाही होत, या तुम्ही.’ नाव विचारायला हवं होतं. चुकलं.

माझा स्वभाव शंकेखोर आहे. शनिवारी १२ तारखेला मीटर ७३५ वर गेलं तशी मी गाडी अंगणात उभी केली, वर जुनी चादर टाकली आणि पुढचा आठवडा एसटीने साताऱ्याला गेलो. नवी गाडी घेऊन माणूस एसटीच्या रांगेत! शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘हप्ता थकला का रे?’ तुमचं कूपन वाचवायला मी पाच दिवस उभ्याने प्रवास केलाय. मात्र एक हिशेब राहिला. वाईहून तुमच्या वर्कशॉपला यायला ३५ किलोमीटर लागतात. २१ तारखेला सकाळी काउंटरवर पोचलो तेव्हा मीटरवर ७७० होते.

‘कूपन लॅप्स झालं, काका. ७५० च्या आतच चालतं. सिस्टीम घेत नाही.’

२० किलोमीटर. तारीख मी ९ तारखेला मागितली, तेव्हा मीटरवर सहाशेसुद्धा झाले नव्हते. २१ तुम्ही दिलीत. ते २० किलोमीटर तुमच्याच दारात येताना झाले. मजुरीचे ४५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८१, असे ५३१ रुपये मी भरले. ऑइल आणि फिल्टरचे पैसे आपणच द्यायचे असतात, त्याबद्दल तक्रार नाही. वर ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून ९० रुपये लावलेत. काय कन्झ्यूम झालं हे विचारल्यावर ‘ते असतंच’ असं उत्तर मिळालं.

आता मुख्य गोष्ट. ही मी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सिस्टीममध्ये ती कुठे नोंदली गेली असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी साडेपाचला गाडी मिळाली. धुतलेली, टायरला काळं पॉलिश. किल्ली फिरवली, पान्याचा दिवा चालूच. मी सर्व्हिस ॲडव्हायजरना म्हटलं, ‘दिवा गेला नाही.’

‘सर्व्हिसिंग झालंय ना काका, मग दिव्याचं काय?’

‘सर्व्हिसिंग झाल्यावर तो जायला पाहिजे ना?’

‘जाईल की आपोआप.’

आपोआप कसा जाईल? तो दिवा ऑइल तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. कुणीतरी त्याला सांगायला लागतं की काम झालं, आता पुढचं मोजायला लाग. काही गाड्यांत बटण दाबून ठेवलं की जातो. तुमच्या पुस्तकात लिहिलंय, ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.’ मी अधिकृत सेवा केंद्रातच उभा होतो. काउंटरला टेकून.

मग म्हणाले, ‘तो लॅपटॉप लावून घालवायला लागतो. लॅपटॉप कराडला गेलाय.’

‘कधी येईल?’

‘येईल की.’

‘तोवर?’

तोवर काय, हा प्रश्न त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा. एक क्षण विचार केला आणि मागे वळून हाक मारली, ‘ए, पट्टी आण रे.’ एक पोरगा वायरिंगची काळी चिकटपट्टी घेऊन आला. ॲडव्हायजरनी आधी मीटरची काच पुसली. ज्या फडक्याने चेन पुसतात, त्याच फडक्याने, त्यामुळे नव्या काचेवर ऑइलचा एक फरकाटा उठला तो अजून आहे. मग पट्टीचा तुकडा दातांनी तोडला, दिव्यावर ठेवला आणि अंगठ्याने चारी बाजूंनी व्यवस्थित दाबला. कुंकू लावावं तसा. आणि मला विचारलं,

‘आता दिसतोय का?’

मी खरं बोलणारा माणूस आहे. म्हटलं, ‘नाही.’

‘मग?’

मागचे दोघं हसले. पोरगासुद्धा हसला, त्याला दोष देत नाही, तो शिकतोय. मी तिथे हेल्मेट हातात घेऊन उभा. हप्त्यावर घेतलेली, बावीस दिवसांची गाडी, आणि तिच्या तोंडाला पट्टी. निघताना ॲडव्हायजर म्हणाले, ‘बिनधास्त चालवा काका. आणि कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या हं, नाहीतर आमचा इन्सेन्टिव्ह जातो.’

फोन आला. मी शून्य दिलं. त्यावरून शोरूममधून तीन फोन आले, ‘काका, एवढं काय झालं?’ दिव्यासाठी त्यांनी एकही केला नव्हता.

तुमच्या इंजिनिअरांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण त्यांना तरी ती लागावी. पान्याच्या दिव्याच्या अगदी शेजारी तो दुसरा पिवळा दिवा आहे, इंजिनच्या आकाराचा. पट्टी दोन्हींवर बसली. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः ओळखायची यंत्रणा, सक्तीची आहे. गाडी चालत असताना प्रदूषणाशी संबंधित भाग बिघडले की त्या दिव्याने चालवणाऱ्याला सांगायचं असतं. सरकारने सक्ती केली, तुम्ही सेन्सर बसवले, ग्राहकाने पैसे भरले आणि शेवटी ५ पैशांच्या पट्टीने सगळं बीएस-६, म्हणजे सरकारचं प्रदूषणाचं मानक, झाकलं. वर सांगतात, ‘बीएस-६ ला असं होतंच, पेट्रोलचा प्रॉब्लेम.’ किलोमीटर मोजणाऱ्या दिव्याचा पेट्रोलशी काय संबंध, हे तुमच्यापैकी कोणी मला लिहून पाठवावं. मी फ्रेम करीन.

घरी आल्यावर आणखी एक पाहिलं. चेनजवळ आर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, तुमचाच स्टिकर आहे, चेनचा ढिलेपणा २५ ते ३५ मिलिमीटर. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली. (घरात आता ‘पट्टी’ म्हटलं की सगळे हसतात.) चेन खालून वर ढकलून मोजलं, ५० भरलं. पुन्हा मोजलं. मुलीने मोजलं, ५१. नवी चेन सुरुवातीला ताणली जाऊन सैल पडते, म्हणूनच पहिल्या सर्व्हिसिंगला ती बघायची असते. जॉबकार्डवर ‘चेन ॲडजस्टमेंट’पुढे बरोबरची खूण आहे. खूण सुबक आहे. चेन शेवटी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने दहा मिनिटांत ठीक केली, पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर दोनदा वर्कशॉपला गेलो. एकदा लॅपटॉप कराडला होता, एकदा लॅपटॉप होता पण ‘पासवर्डवाला’ माणूस सुट्टीवर. डीलर म्हणतो कंपनीशी बोला. कंपनी म्हणते डीलरशी बोला. आनेवाडीच्या नाक्यावर दुचाकीला टोल नाही, टोलवाटोलवी मात्र तुमच्याकडे पोटभर मिळते. आज हेल्पलाइनने नवीन शोध लावला की मी ७५० किलोमीटरच्या नंतर सर्व्हिसिंग केल्यामुळे ‘वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो’. २० किलोमीटर! जी हेल्पलाइन मला १,७०० वर पाठवत होती, तीच आता २० किलोमीटरवरून वॉरंटी काढून घेते आहे. मी विचारलं, हे लेखी द्याल का? त्यावर संगीत लागलं. ती १९ मिनिटं ती.

शांतपणे लिहायचं होतं. जमलं नाही.

वडिलांकडे तुमचीच गाडी होती, १९९४ सालची. तिला दिवा नव्हता. ऑइल बदललं की बाबा कालनिर्णयवर त्या तारखेला ‘ऑइल’ लिहायचे आणि पुढचं कधी तेही पेन्सिलने. ती गाडी सतरा वर्षं चालली, पुढे विकली तीही चालू स्थितीत. त्या गाडीवरच्या विश्वासाने ही घेतली. शेजारच्या शोरूममध्ये ६ हजार कमी सांगत होते, तिथून उठून आलो होतो. आता बाबा रोज विचारतात, दिवा गेला का?

तेव्हा आता सरळ सांगतो. मजुरीचे ५३१ रुपये परत हवेत, कारण तारीख तुम्ही दिलीत. वॉरंटी पूर्ण लागू आहे हे कंपनीच्या लेटरहेडवर हवं, फोनवर नाही. लॅपटॉप कराडला असो की काशीला, तो वाईला आणून दिवा विझवायचा. मी आता साताऱ्याला येणार नाही, कारण प्रत्येक फेरीला ७० किलोमीटर वाढतात आणि त्याचं तुम्ही काय कराल याचा भरवसा उरलेला नाही. आणि ज्या दिवशी ग्राहक तारीख मागतो, त्या दिवशीचं मीटर धरायचं एवढा साधा नियम तुमच्या त्या सिस्टीमला शिकवा. माझ्यासारखे पाडव्याचे आणखी किती असतील!

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस देतो. नंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि मग सातारा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, तेव्हा तुमच्या मुख्यालयाच्या गावी यायची मला गरज नाही. तुम्हाला मात्र साताऱ्याला यावं लागेल. माझ्या गाडीच्या किमतीच्या तक्रारीला तिथे फीही लागत नाही. सेवेतील त्रुटी म्हणजे काय हे तिथे मी समजावून सांगणार नाही, फक्त मीटर दाखवणार आहे. आयोगाला काळी पट्टी लावता येत नाही.

आपला, अजून तरी ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, जॉबकार्डची प्रत, कूपनच्या दोन्ही बाजूंची प्रत, चेनला पट्टी लावलेला फोटो, आणि मीटरवरून आज सकाळी सोलून काढलेली काळी चिकटपट्टी (मूळ, प्रत ठेवलेली नाही).