आमच्या पंचायतीचा फलक कोराच राहिला, साहेब

मा. निवडणूक अधिकारी साहेब,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरल्यावर आमच्या शाळेच्या पडवीत तुम्ही मतदार जागृतीची सभा घेतलीत. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे मराठी-कोकणीतून पंचायतीच्या फलकावर लावतो, हा तुमचाच शब्द. मतदान झाले, निकाल लागला. फलकावर घरपट्टीची जुनी नोटीस आणि चार गंजलेल्या टाचण्या. मी रोज जाऊन पाहत होतो.

मतदानाच्या आदल्या रात्री शेजारचा मुलगा मोबाईल घेऊन आला. वाड्यावर रेंज नाही, म्हणून देवळामागच्या टेकडीवर चढून त्याने कुणाचा तरी आवाज उतरवून आणला होता: अमक्याने माघार घेतली. ७१ वर्षांच्या माझ्या आईने तो दोनदा ऐकला. सकाळी मशीनवर त्या माणसाचे चिन्ह तिला दिसले, पण तिला वाटले, काढायचे राहून गेले असेल. तिने दुसरे बटण दाबले. माघारीची मुदत संपली की उमेदवाराचे नाव मशीनवरून जात नाही, एवढी साधी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. ती त्या रात्री जेवली नाही. "म्हजें मत फुकट गेलें रे," एवढेच म्हणत राहिली. आजही म्हणते.

मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद, असे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ सांगते. तिठ्यावरचा भोंगा बंद झाला, हे खरे. खिशातला मोबाईल कुणी बंद केला? उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, त्याच्यावरचे खटले जाणून घेणे हा मतदाराचा हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. ती प्रतिज्ञापत्रे नेटवर आहेत, बहुतेक इंग्रजीत. आई चौथी शिकलेली, आणि तीही मराठीतून. १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही कारभारात जागा मिळाली. निवडणूक आली की या दोन्ही भाषा फक्त भाषणापुरत्या का उरतात?

घरपट्टी थकली तर तुमचा कागद दारापर्यंत येतो. उमेदवाराची माणसे तीनदा आली, चहा पिऊन गेली. ४० आमदार निवडणाऱ्या या चिमुकल्या राज्यात सरकारची खरी माहितीच तेवढी घाट चढत नाही. सत्तेवर कुणीही येवो, आमचा वाडा ऐकीव गोष्टींवरच मत देत आला आहे. मला याची चीड येते, साहेब.

पुढच्या वेळी माघारीची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी उमेदवारांची अंतिम यादी फलकावर लागलेली हवी. आईला घेऊन मी तिथे येईन.

आपला,
एक मतदार